सरपणवाल्याची शेगडी

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, ह्युऑन नदीच्या खोऱ्यात काल्डर्स क्रीक नावाचं गाव आहे. त्या गावात कुणी नवं घर बांधलं की दोन माणसांना विचारल्याशिवाय शेगडी घेत नसे. एक आपली बायको आणि दुसरा ॲथल बेसेल. बायकोचं मत लोक ऐकून घेत. ॲथलचं मानत.

ॲथल एकेचाळीस वर्षं खोऱ्याला सरपण पुरवत आला होता. वादळात पडलेली निलगिरीची झाडं कापायची, फोडायची, नदीकाठच्या आपल्या कुरणात ढीग घालायचा आणि सफरचंदांची तोड संपत आली की ट्रक भरभरून लोकांच्या अंगणात नेऊन ओतायचा, हा त्याचा धंदा. घरोघरी मातीच्या चुली असं आपण म्हणतो. टास्मानियात घरोघरी लोखंडी शेगड्या. पुढे काचेचं दार, मागून निघून छपरातून वर गेलेलं नळकांडं, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. त्या तऱ्हांची गाऱ्हाणी सगळी ॲथलकडे यायची.

"ॲथल, काच काळी पडते रे आमची."

"जुनी झाली शेगडी. किती वर्षं वापरणार?"

"धूर घरात येतो."

"धुरांडं आखूड ठेवलंय तुझ्या सुतारानं."

"नुसती धुमसत बसते बघ, ऊब म्हणून नाही."

"मग मला विचारून घ्यायची होतीस!"

उत्तरं निरनिराळी असत, पण लाकडाला दोष त्यातल्या एकाही उत्तरात नसे. ॲथल काही लबाड नव्हता. त्याला तसं मनापासून वाटत असे. त्याच्या स्वतःच्या घरातलं सरपण हाडासारखं वाळलेलं होतं. वडिलांनी बांधलेल्या सरपणाच्या खोलीत तीन-तीन वर्षांचा साठा असे आणि सगळ्यात जुना आधी जाळायचा ही वडिलांची शिस्त त्यानं कधी मोडली नव्हती. एका काडीत पेटे. मग इतरांकडे का पेटू नये? शेगडीच वाईट.

तो एकोणसत्तर वर्षांचा झाला आणि त्याचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा नेरिडानं विषय काढला. नेरिडा त्याची बायको. सव्वीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. आवाज न चढवता चाळीस पोरांना गप्प बसवायची तिला सवय होती. एकट्या ॲथलसाठी ती ताकद जरा जास्तच होती.

"हे घर विकायचं," ती म्हणाली. "खिडक्या बंद असताना पडदे हलतात इथे. वर टेकडीवर लहानसं बांधू."

घर मेलबर्नच्या एका जोडप्यानं घेतलं. त्यांना घरापेक्षा सरपणाची खोलीच जास्त आवडली. नेरिडानं व्यवहाराच्या कागदात 'सरपणाची खोली, आतल्या मालासकट' असं घालून टाकलं, कारण तो माल टेकडीवर वाहून न्यायला तिच्या अंगात बळ नव्हतं. ॲथलनं न वाचता सही केली. वाचायला चष्मा लागत होता आणि चष्मा ट्रकमध्ये होता.

टेकडीवर नवं घर उभं राहिलं. दुहेरी काचांच्या खिडक्या, भिंतींच्या पोटात जाड लोकर, फटीचं नाव नाही. आणि मग खरी लढाई सुरू झाली.

"आपण हीट पंप बसवू," नेरिडा म्हणाली. "बटण दाबलं की ऊब. राख नाही, साली नाहीत, लाकडातून निघालेले कोळी नाहीत."

ॲथलनं चहाचा कप खाली ठेवला. "सरपणवाल्याच्या घरात हीट पंप? उद्या खाटकानं घरी कोबी खाऊन राहावं म्हणशील!"

"खाटकाची बायको चव्वेचाळीस वर्षं राख उपसत असेल तर खावा की कोबी."

दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी तह झाला. शेगडी घ्यायची, पण ती नेरिडाला पसंत पडली पाहिजे आणि तिची काच स्वच्छ राहिली पाहिजे. "मला जाळ दिसायला हवा," ती म्हणाली. "आजवर मी काळ्या लोखंडाकडेच बघत बसलेय. पहिल्या हिवाळ्यात काच काळी झाली तर भिंतीवर पंप लागलाच म्हणून समज."

"मी निवडलेली शेगडी आणि काच काळी?" ॲथल हसला. "बघशील."

ते दोघं होबार्ट शहरातल्या शेगड्यांच्या दुकानात गेले. तिथे तीसेक शेगड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ॲथल थेट सगळ्यात मोठीपाशी गेला आणि दार उघडून आत हात घालून माप घेऊ लागला. तिच्या पोटात मेंढी उभी राहिली असती.

दुकानदार पस्तिशीचा, नीटनेटका माणूस होता. त्यानं विचारलं, "घर केवढं आहे?"

"लहान आहे," नेरिडा म्हणाली.

"थंडी मोठी आहे," ॲथल म्हणाला.

दुकानदारानं भिंती, खिडक्या, छप्पर सगळं विचारून घेतलं आणि कोपऱ्यातली एक छोटी शेगडी दाखवली. "तुम्हाला ही पुरेल. ती मोठी घेतलीत तर ऐन हिवाळ्यात, जुलैमध्येही दारं उघडी टाकून बसावं लागेल."

ॲथलनं त्या छोट्या शेगडीकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याला जेवायला बोलावून बशीत एक बिस्किट ठेवलं होतं.

"आणि काच?" नेरिडानं विचारलं.

"काच आरशासारखी राहील. फक्त सरपण कोरडं हवं. तुम्ही कोरडंच वापरता ना, काका?"

आता हा प्रश्न दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असणार. पण ॲथलचे कान लाल झाले. "माझं नाव ॲथल बेसेल," तो म्हणाला आणि थांबला. दुकानदार नम्रपणे पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. होबार्टमध्ये ते नाव पुरेसं नव्हतं. ॲथल टोपी घालून बाहेर पडला.

परतीच्या वाटेवर तो प्रत्येक घराच्या धुरांड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "दुकानात थंड पडलेल्या शेगडीवरून काय कळणार? जळती बघायला हवी."

"मग बघू या," नेरिडा म्हणाली. "निम्म्या खोऱ्यात तुझ्या सांगण्यावरून घेतलेल्या शेगड्या आहेत. लोकांकडे जाऊन बसू."

अशा रीतीनं शेगड्या बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. स्थळं बघायला जावं तसे दोघं संध्याकाळच्या चहाला कुणाकडे तरी जात. नेरिडा सोबत केक नेई.

पहिलं घर मर्विन रॅपलीचं. मर्विन खेकडे आणि कालवं धरणारा. तो आणि त्याची बायको जॉयलीन अंगणात ट्रकचा आवाज येताच खिडकीशी आले आणि पुन्हा आत पळाले. दार उघडायला जरा वेळच लागला. आत शेगडी मस्त पेटली होती. काच लख्ख होती. शेजारी सरपणाची पेटी होती, तिच्यावर घोंगडी पसरलेली होती आणि घोंगडीवर रॅपलींचा म्हातारा कुत्रा मेजर बसवलेला होता. मेजरच्या तोंडावर, आपल्याला इथे का ठेवलं आहे, असा भाव होता.

"काय जळतेय!" ॲथल खूश झाला. "मी सांगितलं होतं ना, हीच घे म्हणून?"

"हो हो," मर्विन म्हणाला. "तूच सांगितलं होतंस."

जाळ जरा खाली बसला. ॲथल सवयीनं उठला. "थांब, मी टाकतो एक लाकूड."

"बस, बस तू!" मर्विन आणि जॉयलीन एकदम ओरडले.

पण ॲथलनं मेजरला उचललं, घोंगडी बाजूला केली आणि एक लाकूड हातात घेतलं. ते त्याचं नव्हतं. लाकूडतोड्याला दुसऱ्याच्या कुऱ्हाडीचा घाव ओळखू येतो. शिवाय लाकूड एका मापाचं होतं आणि ॲथलची लाकडं आयुष्यात कधी एका मापाची नव्हती.

"हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"ते असंच," जॉयलीन म्हणाली. "केक घे ना."

"माझं कुठंय? मार्चमध्ये दोन टन टाकलं की मी."

मर्विननं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मेजरकडे. मेजरनं डोळे मिटले. "आहे ना," मर्विन शेवटी म्हणाला. "मागे रचून ठेवलंय. पुढच्या वर्षीसाठी."

ॲथल कानकोंडा होऊन उरलेला चहा प्यायला. गाडीत बसल्यावर त्यानं नेरिडाला विचारलं, "पुढच्या वर्षीसाठी म्हणजे काय?"

"म्हणजे पुढच्या वर्षीसाठी," नेरिडा म्हणाली आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी ते क्लेनेटबाईंकडे गेले. क्लेनेटबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. गावच्या शाळेत त्यांनी तीन पिढ्या शिकवल्या, त्यात ॲथलही होता. त्यांच्याकडची शेगडी लहानच होती, दुकानदारानं दाखवलेल्या शेगडीची मोठी बहीण शोभावी अशी. घर मात्र असं उबदार, की ॲथलनं कोट काढला, मग स्वेटर काढला, आणि आणखी काही काढण्याआधी नेरिडानं त्याच्याकडे बघितलं.

"बाई, एवढ्याशा शेगडीत एवढी ऊब?" त्यानं विचारलं.

"शेगडीत काय आहे रे? ये माझ्याबरोबर."

बाई काठी टेकत त्याला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे भिंतीला लागून सरपणाच्या दोन उंच राशी होत्या आणि फळीवर खडूनं, शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ॲथल, यंदाचं' आणि 'ॲथल, गेल्या वर्षीचं'.

"यातली दोन घे आणि त्यातली दोन घे," बाई म्हणाल्या. ॲथलनं घेतली. "आता गेल्या वर्षीची दोन एकमेकांवर वाजव."

टण्. घंटेसारखा आवाज आला.

"आता यंदाची."

थप्. ओल्या चिखलात बूट पडावा तसा.

"पुन्हा वाजव."

थप्.

"कळलं?"

"बाई, माझी लाकडं सहा महिने कुरणात असतात—"

"तुझ्या कुरणात दुपारी बारापर्यंत धुकं असतं, ॲथल. तिथे लाकूड वाळत नाही, पोहतं. तू शाळेतही शाई वाळायच्या आत वही मिटायचास. दोन्ही पानांवर तेच गणित."

"पण मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तू नेहमी इतक्या आनंदानं ट्रक रिकामा करतोस ना," बाई म्हणाल्या, "सांगायला जीव होत नाही कुणाचा. सगळ्या गावाला ठाऊक आहे. ॲथलचं यंदा घ्यायचं, पुढच्या वर्षी जाळायचं. घाई असली तर खाली फ्रँकलिन गावाहून दुसऱ्या माणसाचं आणायचं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण अशी आपल्याकडे म्हण आहे. ॲथलला ती शब्दशः लागू पडली. तो कोरडा होता आणि गाव ओलं.

गाडीत त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. ब्याण्णव साली. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस." नेरिडानं वळण घेतलं. "घर इतकं शांत होतं, की पुन्हा सांगावं असं मला बरेचदा वाटलं."

त्या आठवड्यात ॲथल कुणाकडे शेगडी बघायला गेला नाही. कुरणात जाऊन दोन-दोन लाकडं एकमेकांवर वाजवत बसला. थप्. थप्. कुंपणावरचे कावळे मान वाकडी करून बघत होते. शनिवारी तो म्हणाला, "चल, होबार्टला जाऊ."

दुकानात त्यानं मोठीकडे बघितलंही नाही. छोट्या शेगडीसमोर तो जमिनीवर बसला, गुडघ्यांनी कुरकुर केली ती ऐकून घेतली, दार उघडून डोकं आत घातलं आणि आतून, घुमणाऱ्या आवाजात विचारलं, "हवा वरून येते ना? काचेवरून खाली?"

"हो, काका. म्हणून काच स्वच्छ राहते," दुकानदार म्हणाला.

"दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी बदलता येते?"

"येते."

"मग हीच," शेगडीतून आवाज आला. डोकं बाहेर काढताना टोपी आतच राहिली. ती नेरिडानं काढली. तिलाही हीच पहिल्या दिवसापासून पसंत होती, पण हे तिनं तेव्हा सांगितलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेगडी बसली. डोंगरांवर बर्फ पडलं होतं. दुपारी तीनला पहिला जाळ करायचा ठरलं. ॲथल सरपण आणायला बाहेर गेला आणि दारातच थबकला. सरपणाची खोली खाली मेलबर्नच्या जोडप्याकडे होती, आतल्या मालासकट. त्याच्याजवळ उरलं होतं ते फक्त विकायचं.

त्यानं त्यातल्या त्यात बरी दिसणारी लाकडं निवडली. प्रत्येक वाजवून पाहिली आणि प्रत्येकाचा आवाज खोकल्यात लपवला. खाली वर्तमानपत्र, वर काड्या, त्यावर लाकडं. वर्तमानपत्र छान जळलं. काड्याही जळल्या. मग लाकडांच्या टोकांना फेस आला आणि शेगडी शिट्टी वाजवू लागली. पांढरा धूर आत गोल गोल फिरला. वीस मिनिटांत काच आधी पिवळी, मग तपकिरी, मग बुटाच्या पॉलिशसारखी झाली. ॲथलनं हवा द्यायला दार किंचित उघडलं आणि सगळा धूर नव्या घरात आला. छताला लावलेली, धुराचा इशारा देणारी घंटा किंचाळू लागली. ॲथल खुर्चीवर चढून तिच्यावर टोपीनं वारा घालू लागला.

नेरिडा अंगात जाड कोट घालून सोफ्यावर बसली होती.  भिंतीवर जिथे पंप बसला असता त्या रिकाम्या जागेकडे ती शांतपणे बघत होती.

"बोल काहीतरी," ॲथल खुर्चीवरून म्हणाला.

"कोरडं घालून काळी झाली असती तर शेगडीचा दोष," नेरिडा म्हणाली. "हा दोष कुणाचा ते आपल्याला माहीत आहे. तुला एक आठवडा देते."

सकाळी ॲथल क्लेनेटबाईंच्या दारात टोपी हातात धरून उभा होता.

"बाई, तुमच्याकडे गेल्या वर्षीचं थोडं सरपण असेल का?"

"आहे," बाई म्हणाल्या. "तुझंच आहे. पण दोन अटी. रिकामी होईल ती रास तू पुन्हा रचून द्यायचीस. आणि इथून पुढे ज्याच्या अंगणात लाकडं टाकशील, त्याला तोंडानं सांगायचं, ती ओली आहेत म्हणून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मोठ्यानं."

दुसरी अट ऐकून ॲथलला घाम फुटला, आणि तो काही त्या घराच्या उबेनं नव्हे. एकेचाळीस वर्षांची अब्रू! तरी तो कबूल झाला. आपणच तोडलेली, फोडलेली, आणून ओतलेली लाकडं त्यानं दीड तास खपून परत ट्रकमध्ये भरली. टेकडीवर ती एका काडीत पेटली. तासाभरात काच पुसल्यासारखी झाली, जाळ सोनेरी दिसू लागला आणि नेरिडानं कोटाची दोन बटणं काढली.

सोमवारी पहिली फेरी रॅपलींकडे होती. हिवाळा मध्यावर आला की लोक आणखी एक खेप मागवतात. ॲथलनं वाटेत दोनदा गाडी थांबवून वाक्य पाठ केलं. ट्रक रिकामा करण्याआधी तो मर्विनसमोर जाऊन उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मर्विन, तुला एक सांगायचंय. ही लाकडं ओली आहेत. आजवर टाकली तीही ओलीच होती."

मर्विन जाळं शिवत होता. त्यानं मान वर केली नाही. "हो, ठाऊक आहे. त्या टाकीच्या मागे टाक, तिकडे ऊन लागतं."

"तुला राग नाही आला?"

"कशाचा?"

ॲथलला ओशाळं वाटण्याऐवजी जरा फसवल्यासारखंच वाटलं. तो पुढच्या घरी गेला. तिथली बाई म्हणाली, "असू दे रे, भिजलेली नाहीत ना वरून?" तिसऱ्या घरी म्हातारा अर्नी बहिरा होता. त्याला ॲथलनं तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा शेजारच्या अंगणातून कुणीतरी ओरडलं, "आम्हाला माहितेय, ॲथल!" अख्ख्या आठवड्यात एकानंही भुवई उंचावली नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा त्यानं घरोघरी जाऊन कबूल केला आणि लोकांनी त्याला चहा पाजून, शिंपल्यांचं सारण भरलेली गरम पेस्ट्री खाऊ घालून वाटेला लावलं.

वसंतात त्यानं ढीग टेकडीवर, तिकडे दिवसभर ऊन लागतं त्या उत्तरेच्या उतारावर हलवायचं ठरवलं आहे. वर पत्रा, चारी बाजूंनी वारा. पण ती पुढची गोष्ट. त्या जुलैत त्याला वेगळंच दुःख लागलं होतं. शेगडी फारच कमी खात होती. संध्याकाळी चार लाकडं टाकली की घर असं तापे, की नेरिडा उन्हाळी झगा घालून बसे आणि बाहेर गवतावर दव गोठलेलं असे. ॲथल बनियनवर. पाचवं लाकूड त्यानं उचललं की ती म्हणे, "ठेव ते खाली."

"सरपणवाल्याचं घर आहे हे, नेरिडा. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, म्हातारा-म्हातारी भाजून निघाली."

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी पावसाबरोबर बर्फ पडू लागलं. जेवण झालं होतं. नेरिडा शेगडीसमोरच्या खुर्चीत बसली, मोजे काढले, पाय काचेकडे केले आणि जाळाकडे बघता बघता तिचा डोळा लागला. चव्वेचाळीस वर्षांत ॲथलनं तिला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. जुन्या घरात हिवाळ्यात ती सतत हलत असे. थांबली की गारठायची. आता तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि एका पायाचा अंगठा अधूनमधून हलत होता, जणू कुठल्याशा वळणावर ब्रेक दाबत होती.

जाळ खाली बसत आला. ॲथलनं हळूच एक लाकूड उचललं. पण शेगडीच्या दाराची कडी नवी होती, उघडताना खट्कन वाजायची. त्यानं कडीकडे पाहिलं, नेरिडाकडे पाहिलं आणि लाकूड मांडीवर घेऊन बसून राहिला. निखारे लाल झाले, मग नारिंगी, मग त्यांच्यावर राखेची साय धरली. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. तासाभरानं नेरिडानं डोळे उघडले आणि त्याच्या मांडीकडे बघितलं.

"हे काय घेऊन बसलायस?"

"काही नाही," ॲथल म्हणाला. "पाचवं आहे. विचारायचं होतं."

"टाक," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.